पूजेला बसलेली हत्यारं

दसऱ्याच्या सकाळी मोटरसायकलच्या शोरूममध्ये टीव्हीसाठी जागा मागायची, म्हणजे लग्नघरात जाऊन क्रिकेटसाठी अंगण मागण्यातलाच प्रकार. दीप्तीने ती मागितली. वर टीव्हीसुद्धा स्वतःच टॅक्सीत घालून अंधेरीच्या ऑफिसातून मुलुंडला आणला.

"दीप्तीताई, आज?" शोरूमचे मालक श्यामसुंदरशेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "आज मला नारळ ठेवायला जागा नाही, आणि तुम्हाला टीव्ही लावायचाय?"

"एका कोपऱ्यात लावते हो. आवाजसुद्धा करणार नाही."

"काय दाखवणार त्याच्यावर?"

"एक ठिपका."

श्यामसुंदरशेठनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोरीला रात्रभर झोप लागलेली दिसत नाही. ते खरंच होतं. पण बाहेर फुलवाला ओरडत होता आणि भटजी लिंबं शोधत होते, तेव्हा वाद घालायला सवड कुणाला होती? त्यांनी हेल्मेटच्या कपाटाशेजारचा कोपरा दाखवला आणि ते निघून गेले.

दीप्ती 'उल्का मोटर्स'मध्ये इंजिनिअर होती आणि तिचं खातं होतं रॅलीचं. नातेवाइकांना हे सांगताना तिची आई दरवेळी जोडायची, "रॅली म्हणजे झेंडेवाली नव्हे हो, वाळवंटातली." उल्काची 'झेप' नावाची बाईक रस्त्यावर विकली जायची, आणि तिलाच जरा दणकट करून हे खातं वाळवंटातल्या शर्यतीत उतरवायचं. पाच दिवस राजस्थानची वाळू तुडवायची. जो सगळ्यांत कमी वेळात टोक गाठेल तो जिंकला. आज शेवटचा टप्पा होता. उल्काचा स्वार आकाश, वाकोल्याचा पोरगा, तिसऱ्या नंबरवर होता. बड्या बड्या संघांच्या नाकावर टिच्चून तिसरा! दीप्तीला कालपासून धड जेवण गेलं नव्हतं.

टीव्ही लागला. नकाशावर पिवळटसर वाळवंट, त्यात रांगणारे ठिपके, आणि त्यातला निळा ठिपका आपला. स्वाराच्या बाईकवर यंत्र असतं, ते उपग्रहाला सांगतं, आणि घरबसल्या जग त्याचा ठिपका बघतं. या शर्यतीत एवढंच दिसतं. पण ज्याला बघायची सवय आहे त्याला त्या ठिपक्यात सगळं दिसतं. उतारावर पळणारा ठिपका वेगळा, वाळूत रुतत चाललेला वेगळा. दीप्ती त्याच्याकडे बघत होती आणि हाताच्या मुठी आपोआप आवळत होत्या.

हा टीव्ही तिने हौसेने आणला नव्हता. गेल्या आठवड्यात कंपनीचे नवे मुख्य अधिकारी नंदकिशोर यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. ते साबणाच्या कंपनीतून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण प्रश्न विचारायचा तो थेट वर्मावर.

"दीप्ती, साबण विकताना मी कधी साबणांची शर्यत लावली नाही," ते म्हणाले होते. "एवढी माणसं, एवढ्या बाईका, सगळं त्या वाळूत घालतो आपण. त्यातून एक तरी बाईक विकली जाते का? मला आकडे नकोत, आलेखही नकोत. मला एक माणूस दाखवा. रॅलीमुळे आपली बाईक घेतलेलं एक गिऱ्हाईक. दसऱ्याला मी मुलुंडच्या शोरूममध्ये येणार आहे, वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. तिथे दाखवलात तर खातं चालू. नाहीतर हे शेवटचं वर्ष."

खातं बंद झालं तर दीप्तीची रवानगी स्कूटरच्या आरशांच्या विभागात होणार होती. आरसे! आणि तिचा मेकॅनिक सीताराम, त्याच्या हाताखालची पोरं, आकाश, हे सगळे सरळ घरी. म्हणून तिने ही शक्कल लढवली होती. लोक ठिपका बघतील, विचारतील, रंगात येतील, आणि त्यातला एखादा तरी म्हणेल की हो, याच्यासाठीच घेतली.

लोक आले. झुंडीने आले. बायका नटून आल्या, पोरं पेढ्यांच्या पुड्यावर डोळे ठेवून आली. एकेका बाईकला झेंडूची जाड माळ पडत होती, हळदकुंकू लागत होतं, चाकाखाली लिंबू फुटत होतं. दीप्ती प्रत्येकाला गाठून विचारत होती.

"काका, झेपच का घेतली?"

"मायलेज."

"दादा, तुम्ही?"

"मेव्हण्याकडे आहे. त्याची काळी, म्हणून माझी लाल."

"रॅली बघता का कधी?"

"कसली?"

भांडुपच्या अंबादास नावाच्या रुंद खांद्याच्या गृहस्थांनी तर तिलाच उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही सर्व्हे करताय का? काही गिफ्ट आहे?" दीप्तीने त्यांना टीव्हीकडे वळवलं. ही तुमचीच बाईक हो, वाळवंटात पळतेय, तिसरी आहे! अंबादासांनी मान तिरपी करून पाहिलं. "हा ठिपका?" ते म्हणाले. "बरं आहे." आणि ते आपल्या माळ घातलेल्या बाईकपाशी फोटो काढायला गेले.

तेवढ्यात नंदकिशोर आले. पांढरा कुडता, हातात आपट्याची पानं. त्यांनी श्यामसुंदरशेठना पान दिलं, भटजींना नमस्कार केला आणि दीप्तीसमोर येऊन उभे राहिले. "सापडला?"

"सकाळच आहे सर अजून," दीप्ती हसत म्हणाली.

आणि त्याच क्षणी निळा ठिपका थांबला.

आधी तिला वाटलं, यंत्र अडकलं असेल. पण बाकीचे ठिपके रांगत होते, आणि आपला तिथेच. मग त्याभोवती लाल कडं उमटलं. स्वार थांबला की ते उमटतं. पाठोपाठ हिरवी खूण आली. ती स्वाराने स्वतः बटण दाबून दिलेली असते, मी धड आहे म्हणून. म्हणजे आकाश धड होता आणि बाईक बंद होती.

"चल ना रे," ती पुटपुटली. "चल, चल, चल!"

गंमत अशी, की पळणाऱ्या ठिपक्याकडे ज्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते थांबलेल्या ठिपक्याभोवती जमा होऊ लागले. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीभोवती मुंबईकर जमतो, तसेच. "काय झालं?" "पंक्चर असेल." "पेट्रोल संपलं असेल." "अहो, क्लच गेला असणार, मी सांगतो." कोणीतरी विचारलं की मेकॅनिक का जात नाही. दीप्तीने सांगितलं की तसा नियमच आहे, टप्प्यावर स्वाराने एकट्याने दुरुस्ती करायची, बाहेरच्या कुणी बोट लावलं तर स्वार बाद. म्हणून तर त्याच्या बाईकवर मागे हत्यारांचं निळं गुंडाळं बांधलेलं असतं, पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, सगळं.

निळं गुंडाळं म्हणताना तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

काल खंडेनवमी. सीताराम मूळचा कुडाळकडचा, वाळवंटात असला म्हणून काय झालं, हत्यारांची पूजा चुकवायचा नाही. रोजच्या कामाचा एक संच बाजूला ठेवून बाकीची हत्यारं त्याने तंबूत लाल कापडावर मांडली होती आणि त्याचा फोटो पाठवला होता. आणि तिनेच, हो, तिनेच उत्तर दिलं होतं की सीतारामदादा, आकाशची हत्यारंही ठेवा ना पूजेत, उद्या त्यालाच लागतील! वर हात जोडल्याच्या चार खुणा. आज सकाळी सीतारामने दसऱ्याची पूजा झाल्यावर दुसरा फोटो पाठवला होता. धावपळीत तिने तो नीट पाहिलाच नव्हता. तिने आता तो उघडला. लाल कापड, झेंडू, उदबत्ती. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेलं, निळं गुंडाळं.

तिने फोन लावला. "सीतारामदादा, आकाशचं गुंडाळं कुठाय?"

पलीकडून सीतारामचा आवाज आला, रडवेला. "अगो बाय माझे! नवमीक बसवलेली हत्यारां, दसऱ्याची पूजा होयपर्यंत मी हात कसो लावू? आकाश तर उजाडूच्या आधी गेलो. माका वाटला, त्यानाच उचलल्यान."

आकाशला वाटलं असणार की सीतारामने बांधलं. वाट लागली! वाळवंटात बाईक बंद, स्वार एकटा, आणि त्याच्याजवळ साधा पानासुद्धा नाही. दीप्ती भिंतीला टेकली. खात्याची कबर खणायला साबणवाल्या साहेबाची गरजच नव्हती, ते काम तिने स्वतः भक्तिभावाने केलं होतं.

"काय झालं?" नंदकिशोरांनी विचारलं. तिने सांगितलं. लपवून काय उपयोग होता? त्यांच्या भुवया वर गेल्या. "हत्यारं पूजेत राहिली," त्यांनी हळूच स्वतःशीच म्हणून पाहिलं.

ते ऐकायला कान टवकारून उभ्या असलेल्या अंबादासांनी शेवटी तोंड उघडलं. "एक मिनिट शेठ. जी बंद पडलीय ती झेपच ना? मी घेतोय तीच?"

"तीच हो, पण ती वाळवंटात..." श्यामसुंदरशेठ सांगू लागले.

"नाही, म्हणजे पाचव्या दिवशी बंद पडली ना. मग जरा थांबतो मी. समोरच्या शोरूममध्ये पण बघून येतो." आणि अंबादास माळ घातलेली, कुंकू लावलेली बाईक सोडून खरोखर दाराकडे निघाले. त्यांच्या मागे आणखी दोघांची चुळबुळ सुरू झाली.

श्यामसुंदरशेठचा चेहरा पडला. "दीप्तीताई, बंद करा तो टीव्ही! दसऱ्याच्या दिवशी गिऱ्हाईक घालवताय तुम्ही माझं!"

दीप्तीने रिमोट उचलला. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, सगळ्यात जास्त स्वतःचा. साहेबांना रॅलीमुळे आलेला एक माणूस दाखवायचा होता, आणि रॅलीमुळे गेलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरून चालला होता.

"राहू द्या चालू," नंदकिशोर म्हणाले. "आता निम्म्यात काय बंद करायचं?"

"पण एवढं काय टेन्शन घेताय सगळे?" मागून एक मोकळा, खडा आवाज आला. "तिथे धूळच असेल ना? मग धुळीनेच बंद पडली असेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पांढऱ्या शुभ्र साडीतली एक तिशीची बाई आपल्या नव्या बाईकपाशी उभी होती. शोरूममधली तेवढी एकच बाईक माळेवाचून होती. ही संघमित्रा. आज धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून तिने मुद्दाम हाच दिवस धरला होता, आणि भटजी नारळ घेऊन सरसावले तेव्हा हसून सांगितलं होतं, "माझ्या गाडीला नको काका, मी इथून विहारात जाणारे." ती पुलाच्या बांधकामावर इंजिनिअर होती.

"साइटवर माझ्या भावाची झेप वापरते मी," ती पुढे येत म्हणाली. "सिमेंटची, मातीची, कसली कसली धूळ. महिन्यातून एकदा तरी अशीच श्वास कोंडून बंद पडते. पण त्याला हत्यारं कशाला लागतात? ही पिवळी फिरकी आहे ना."

ती पदर खोचून खाली बसली. सीटखालच्या बाजूच्या झाकणावर एक जाडसर पिवळी फिरकी होती. तिने ती पाव फेरा फिरवली. टक्! झाकण हातात आलं. आत हवेची गाळणी. "हिचं वरचं पातळ आवरण असं सोलायचं, खाली स्वच्छ गाळणी असते. झाकण लावायचं, निघायचं. बाकी कुठल्याही बाईकला हेच करायला चार स्क्रू काढावे लागतात आणि गॅरेजवाला 'उद्या या मॅडम' म्हणतो. मी तर ही गाडी त्या फिरकीसाठीच घेतलीय. त्याच्या बाईकला नाहीये का फिरकी?"

शोरूममध्ये बाकीच्या बाईकांच्या फिरक्या झेंडूच्या माळांखाली झाकल्या गेल्या होत्या. लोक माळा बाजूला करून बघायला लागले. "अरे, आहे की!" "टक् होतंय बघ!" चहूकडून टक् टक् असा आवाज सुरू झाला. दीप्ती मात्र जागची हलली नव्हती. ती संघमित्राकडे बघत होती.

"आहे," ती म्हणाली. "त्याच्या बाईकला आहे. आधी त्याच्याच बाईकला होती."

"आणि बिघाड दुसराच असला तर?" नंदकिशोरांनी विचारलं.

"तर संपलं, सर."

आता सगळं शोरूम टीव्हीसमोर होतं. भटजी हातात नारळ तसाच धरून उभे होते. अंबादास दारातच थबकले होते, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. लाल कडं तसंच. लाल कडं तसंच. एका छोट्या मुलीने विचारलं, "मम्मी, तो काका कुठाय?" आणि तिच्या आईने तिला गप्प केलं.

लाल कडं गेलं.

ठिपका हलला. जरासा. मग आणखी जरासा. मग निघालाच!

"गेला! गेला! गेला!" दीप्ती किंचाळली, आणि तिच्याबरोबर अख्खं शोरूम ओरडलं. श्यामसुंदरशेठनी भटजींना मिठी मारली. भटजींच्या हातातला नारळ कधी फुटला कळलंच नाही, पण पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. संघमित्रा उडी मारून टाळ्या पिटत होती आणि तिच्या पांढऱ्या साडीला गाळणीच्या तेलाचा हात लागून काळा पट्टा उमटला होता. "झकास रे भावा!" ती ठिपक्याला म्हणाली. त्या ठिपक्याचं नाव काय, हे तिला माहीतही नव्हतं.

पुढचा सगळा वेळ शोरूममध्ये कोणी बाईक विकली नाही की घेतली नाही. ठिपका टेकाड चढला की लोक टाचा उंचावत होते. शेवटी तो टोकाला पोचला, पण तिसऱ्याचा पाचवा झाला होता. थांबलेला वेळ कुणी परत देत नाही. तरी पेढे वाटले गेले, आणि ते श्यामसुंदरशेठनी स्वतः वाटले.

नंदकिशोरांनी पेढा हातातच ठेवला होता. "दीप्ती, या बाईंनी रॅली बघून बाईक घेतलेली नाही."

"नाही घेतली," दीप्ती म्हणाली. आता तिला भीती वाटेनाशी झाली होती. "मी सकाळपासून रॅली बघणारा माणूस शोधत होते. चुकीचा माणूस शोधत होते, सर. दोन वर्षांपूर्वी आकाश पडला, बोटं सुजली. जाड हातमोज्यात त्याला स्क्रूड्रायव्हर धरता येईना. वाळूत बसून तो चार स्क्रू काढत होता आणि मी अंधेरीत बसून त्याचा ठिपका बघत होते. तो परत आल्यावर मी ही फिरकी बनवली. रस्त्यावरच्या बाईकला ती लावायची म्हटल्यावर आपलीच माणसं हसली होती. म्हणाली, गिऱ्हाईक कशाला उघडून बघतंय?"

नंदकिशोरांनी संघमित्राच्या साडीवरच्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. "हे आपल्या माहितीपत्रकात का नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

"आणि बाईक थांबली तेव्हा गिऱ्हाईक चाललं होतं, हेही मी बघितलं हं."

"तेही खरं आहे, सर."

तेवढ्यात अंबादास त्यांच्यामधून वाट काढत आले. "शेठ, ती माझी माळेवाली आहे ना अजून? दुसऱ्या कुणाला दिली नाहीत ना?" उत्तराची वाट न बघता ते आपल्या बाईकपाशी गेले आणि वाकून त्यांनी फिरकी फिरवली. टक्! मग बंद केली. मग पुन्हा उघडली.

दीप्तीचा फोन वाजला. आकाश होता, मागे इंजिनांचा गदारोळ. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"दीप्ती, माझी हत्यारं कुठेयत यार?" तो ओरडत होता आणि हसतही होता. "अगं, पिठासारख्या धुळीत आपटलो, गाडीचा श्वास बंद! मागे हात घातला तर गुंडाळंच गायब! म्हटलं, गेलो. मग आठवली तुझी फिरकी. कोणी ढापली सांग हत्यारं, त्याला सोडत नाही मी."

"कोणी नाही रे ढापली," दीप्ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "पूजेला बसलीयत. मीच बसवली."

नंदकिशोरांनी हातातलं आपट्याचं पान तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं आणि वाकून नमस्कार केला. ते दाराकडे निघाले, आणि उंबऱ्याशी थांबून वळले.

"त्या सीतारामला सांगा," ते म्हणाले. "पुढच्या नवमीला हत्यारांचे दोन संच घ्या. एक पूजेला, एक बाईकला."

ते गाडीत बसून गेलेसुद्धा. दीप्ती हातात पान धरून उभी होती. फोनवर आकाश अजून विचारत होता, काय म्हणाले गं, काय म्हणाले? तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"पुढच्या नवमीला म्हणाले रे!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की अंबादासांच्या हातातलं झाकण खाली पडलं.